तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पिशवीमागे काय आहे?

प्रश्न एकच, पण दोन तोंडांनी येतो. ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगनंतर, कधी रिक्षातसुद्धा: "तुमची मंडळी वस्तीत धान्य वाटते, ते शेवटी बाटवायलाच ना?" आणि रविवारी उपासना सुटल्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर, आमच्याच माणसांकडून: "आपल्यातल्यांच्या घरी डबे रिकामे, आणि तुम्ही बाहेरच्यांना देत सुटलाय." दोघांना एकदमच सांगते.

नाताळात आम्ही शेजारीपाजारी करंज्या, चिवडा, केक पाठवतो. दिवाळीत तीच ताटं भरून परत येतात. त्या ताटांवर कुणी संशय घेत नाही. (1890 साली याच पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा पुढे आला म्हणून रानडे-टिळकांवर प्रायश्चित्ताची वेळ आली होती. तेवढा चहा आता पचलाय.) संशय येतो तो परत न येणाऱ्या ताटाबद्दल. आणि बायबलमध्ये, लूकच्या शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायात येशू नेमकं तेच वाढायला सांगतो: जेवायला मित्र, भाऊबंद, श्रीमंत शेजारी बोलावू नका, ते उलट आमंत्रण देतील, ज्यांना फेड करता येणार नाही त्यांना बोलवा. म्हणजे ज्याच्यावर संशय घेता येईल असंच देणं आमच्या वाट्याला आलंय. त्याला माझा इलाज नाही.

पिशवीत काय असतं ते सांगते. चार माणसांच्या घराला साधारण पंधरा दिवस पुरेल असं: तांदूळ 5 किलो, गव्हाचं पीठ 5 किलो, तूरडाळ 2 किलो, तेल 1 लिटर, साखर आणि मीठ एकेक किलो, चहा पावडर 250 ग्रॅम, हळद, तिखट, साबण. साबण वेगळा बांधायचा, नाहीतर पिठाला वास लागतो आणि चपाती तोंडात घालवत नाही. तेलाची पिशवी सगळ्यात वर. खाली गेली तर फुटते आणि पीठही जातं. पावसाळ्यात पिठाचा साठा करायचा नाही, अळ्या होतात. मराठवाड्यातून बांधकामावर आलेल्या घरांना ज्वारी हवी असते. पण ज्वारी दिली की दळणाचे पैसेही द्यावे लागतात, हे पहिल्यांदा वाटणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

पत्रक नाही, बायबलच्या वचनाचं कॅलेंडर नाही, पिशवीवर चर्चचं नाव नाही, फोटो नाही. औषधाचं बिल असलं तर पैसे मेडिकलवाल्याला, फी असली तर चेक शाळेच्या नावाने. वाटप चर्चच्या आवारात नाही आणि रविवारी तर नाहीच. रविवारी अकराला ठेवलं की माणसं नऊच्या उपासनेला येऊन बसतात. कुणी बोलावलेलं नसतं. न बसलो तर नाव कापतील, एवढी भीती पुरते.

यादी कोण करतं, हा खरा प्रश्न. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात, 6व्या अध्यायात, यरुशलेमच्या मंडळीत हेच भांडण आहे: रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या. मग सात माणसं नेमली. त्यांची नावं वाचा, स्तेफन, फिलिप्प, तीमोन, निकलाव... सातही ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटप दिलं. त्या विधवा मंडळीतल्याच होत्या, मान्य. पण वगळणं कसं थांबवायचं ते तिथं कळतं. म्हणून वस्तीची यादी आशाताई (सरकारी आरोग्य योजनेच्या स्वयंसेविका) आणि वस्तीतल्याच बायका करतात, आमच्यातलं कुणी त्यात नसतं.

पायऱ्यांवरच्यांसाठी: पौलाच्या पत्रातलं गलतीकरांस 6:10 मला फार ऐकवलं जातं, बरं करा, "विशेषतः विश्वासाच्या घराण्यातल्यांचं", म्हणजे ख्रिस्ती माणसांचं. त्याच्या आधी 'सर्वांचं' आहे, ते वगळून. तरी त्या 'विशेषतः'चा मान राखून निधी दोन केलेत, मंडळीतल्या गरजूंचा वेगळा, वस्तीचा वेगळा, आणि एकातून दुसऱ्यात वळवणं बंद. एकच पेटी ठेवली तर बाहेरच्यांचा वाटा हळूहळू आत जिरतो, कारण आतल्यांचे चेहरे दर रविवारी समोर असतात.

आता बाटवण्याचं. यावर पुण्यात एक खटला, कोर्टाबाहेरचा, फार पूर्वीच चालून गेलाय, पंडिता रमाबाईंचा. 1889 साली मुंबईत सुरू झालेलं त्यांचं शारदासदन, विधवा मुलींची शाळा आणि वसतिगृह, 1890 साली पुण्यात आलं. पैसा अमेरिकेतल्या मंडळींचा, शब्द असा की धर्म शिकवला जाणार नाही, मुली आपापले आचार पाळतील. सल्लागारांत रानडे आणि भांडारकर. बाई स्वतः ख्रिस्ती. आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. केसरीने झोड उठवली, 1893 साली सल्लागारांनी अंग काढून घेतलं, पालकांनी कितीतरी मुली नेल्या.

हे कुणी काढलं की मी तावातावाने म्हणायचे: दार उघडं होतं, हात धरून कुणी ओढलं नव्हतं. स्वतःच्या खोलीत स्वतःच्या देवाशी बोलायला बाईंनी कडी लावायची होती का? आणि अंग काढून घेणाऱ्यांनी किती विधवा घरी नेल्या? हा शेवटचा टोला पुण्यात टिकत नाही. शारदासदनच्याच विधवा गोदूबाईंशी त्याच 1893 साली धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं आणि 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला, बाप्तिस्म्याशिवाय.

उघड्या दाराचंही मला आता तितकं सोपं वाटत नाही. त्या मुलींना जायला दुसरं घर नव्हतं. अन्न, अंथरूण, पाटी सगळं एका बाईच्या हातून. तिला काय आवडेल हे मुलीला न सांगता कळतं. अशा घरात दार नुसतं उघडं राहत नाही, ते बोलावतं. पण हेच ताणलं तर पोटासाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या मुलीला स्वतःचं मतच नाही असं ठरतं, आणि रमाबाईंचं सगळं आयुष्य त्याविरुद्ध भांडण्यात गेलं. माझ्या मनात ही दोन्ही टोकं जुळत नाहीत. पुढे केडगावला त्यांचं दुसरं आश्रयघर, मुक्तिसदन, उघडपणे ख्रिस्ती झालं. त्याबद्दल मला कमी अवघड वाटतं, तिथं येणारीला आधीच माहीत होतं.

तर, "बाटवायलाच ना?" याला "नाही" म्हणून भागत नाही. सगळे तेच म्हणतात. आमच्या मनात काय आहे ते तुम्हाला तपासता येणार नाही. वार, जागा, यादी आणि पिशवी तपासता येतील. आणि मनातलंच विचाराल तर, कुणी येशूचं नाव घेतलं तर मला आनंद होईल. तो मी लपवणार नाही.

सध्या नियम असा आहे की वाटपाच्या जागी प्रार्थना नाही, कुणी मागितली तरी नाही. कुणी घरी बोलावलं तर आठवड्याने जायचं, रिकाम्या हाताने. पाळकसाहेबांना हा नियम मान्य नाही. आजारी मुलाला कडेवर घेऊन आई "प्रार्थना करा" म्हणते, तिला पुढच्या आठवड्याची तारीख द्यायची का, असं ते विचारतात. मंडळीच्या पंचांच्या पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय पुन्हा आहे.