काटा खोटा असला तरी सगळ्यांचा सारखा हवा

इंदूरला गणपतीत कोणाकडेही आरतीला गेलं की प्रसाद हातावर पडण्याआधी प्रश्न येतो: "अहो कॅप्टन, मोबाइलमध्येसुद्धा जीपीएस आहे, मग विमानाची उंची अजून हवेच्या दाबावरून कशाला मोजता? दाब तर रोज बदलतो!" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

बदलतो, मान्य. म्हणूनच उतरताना टॉवर त्या वेळचा दाब सांगतो आणि आम्ही तो अल्टिमीटरवर, म्हणजे दाबावरून उंची दाखवणाऱ्या काट्यावर, लावतो. दाबात एका हेक्टोपास्कलची (दाबाचं एकक) चूक म्हणजे उंचीत साधारण ३० फुटांची चूक. वर गेल्यावर मात्र सगळेच १०१३.२५ हेक्टोपास्कल हा एकच ठरलेला दाब लावतात, खरा दाब काही का असेना. मेच्या उन्हात हवा फुगते, खरी उंची काट्यापेक्षा जास्त भरते, पण सगळ्यांचीच. मी ३५ हजार फुटांवर आणि समोरून येणारा ३६ हजारांवर, आमच्यातलं अंतर राहतं. निम्म्यांनी जीपीएस धरला तर ते उरेलच असं नाही.

शिकत होतो तेव्हा मीही तुमच्यासारखाच वाद घालायचो, आणि त्याला कारण होतं. रात्रभर पाऊस झालेला. सकाळी शिकवणाऱ्या सरांबरोबर इथूनच उड्डाण केलं. सिरपूर तलाव खाली सरकत गेला, पण काटा जमिनीवरच्या १८५० फुटांवरच. चढण्याचा दर शून्य. वेगही खऱ्यापेक्षा कमी दिसत होता. बाहेरच्या हवेचा दाब या काट्यांपर्यंत पोचवणाऱ्या स्टॅटिक नळीत पाणी शिरलं होतं. बाहेरून छिद्र स्वच्छ होतं.

"सर, काटा अडकलाय."

"काटा सोड, क्षितिज बघ. अल्टरनेट स्टॅटिक उघड."

ती उघडली की दाब बाहेरून नाही, केबिनमधून घेतला जातो. उघडल्याबरोबर काटा उसळून वर गेला. केबिनमधली हवा किंचित विरळ, म्हणून थोडा जास्तच दाखवत होता. तोवर खरी उंची सांगत होता तो सरांच्या हातातला जीपीएस. हे मी नाकारत नाही.

आणि पेरूमधल्या लिमाचा अपघात तर नाकारताच येत नाही. २ ऑक्टोबर १९९६ च्या रात्री तिथून निघालेल्या बोइंग ७५७ च्या स्टॅटिक छिद्रांवर सफाईच्या वेळची चिकटपट्टी तशीच राहिली होती. समुद्रावरच्या काळोखात वैमानिकांनी कंट्रोलरला उंची विचारली. त्यानं ९७०० फूट सांगितली. तो आकडा त्यांच्याच विमानातून रडारवर आलेला होता, म्हणजे त्याच झाकलेल्या छिद्रांचा, खोटा. ७० माणसं गेली.

जीपीएस शेजारी हवाच, त्यावर माझा वाद नाही. पण दोन्ही आकडे वेगळे आले तर आधी कोणाचं ऐकायचं, यावर सर आणि मी अजून फोनवर भांडतो.