टंकलेखन सराव, नोंद ४ : डॅशचं दुखणं

मागच्या नोंदीनंतर वाटलं होतं की अँट या जावाच्या साधनाची बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम जुळवणं) स्क्रिप्टमधून चालवणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. दोन रविवार गेले.

प्रोजेक्ट म्हणजे माझा टंकलेखन सरावाचा प्रोग्रॅम. जुना, नेटबीन्स या कोड लिहायच्या साधनाने बनवलेला. जार (प्रोग्रॅमची बांधलेली फाइल) तयार झाली की शब्दयादी आणि फॉन्ट तयार मालाच्या डिस्ट फोल्डरमध्ये टाकायचं काम '-पोस्ट-जार' या टार्गेटमध्ये, म्हणजे अँटच्या नाव दिलेल्या कामात, आहे. तेवढंच तपासायचं म्हणून टर्मिनलवर 'अँट -पोस्ट-जार' मारलं, तर उत्तर आलं : अननोन आर्ग्युमेंट. बरोबरच आहे म्हणा. डॅशने सुरू होणारं काहीही अँटला ऑप्शन वाटतं. म्हणूनच, बाहेरून थेट हाक मारता येऊ नये अशा टार्गेटच्या नावाआधी मुद्दाम डॅश लावतात. कुलूपच ते.

मी शहाणपणा केला आणि डॅश खोडला. बिल्ड सक्सेसफुल! डिस्टमध्ये फॉन्ट मात्र नाही. नेटबीन्सने स्वतः बनवलेल्या बिल्ड-इम्प्ल फाइलमध्ये याच नावाचं रिकामं टार्गेट असतं आणि आपलं टार्गेट त्याची जागा घेतं. नाव बदललं की ते रिकामंच चालतं, एरर नाही की वॉर्निंग नाही. हे कळायला अख्खी दुपार गेली.

मग नाव पूर्ववत केलं आणि शेजारी बिनडॅशचं 'सामान' नावाचं टार्गेट ठेवलं. आत काही नाही, फक्त डिपेंड्समध्ये (आधी काय चालवायचं त्या यादीत) '-पोस्ट-जार'. चाललं! पण फॉन्ट गेला कुठे? प्रोजेक्टच्या मुळाशी एक नवं फोल्डर, नाव अक्षरशः डॉलर, महिरपी कंस, डिस्ट डॉट डिर, महिरपी कंस. सुरुवातीची तयारी करणारं इनिट टार्गेट न चालल्यामुळे फोल्डरचं खरं नाव सांगणारी प्रॉपर्टी भरलेलीच नव्हती आणि अँटने बिचाऱ्याने ते नाव जसंच्या तसं घेतलं. डिपेंड्समध्ये आधी 'इनिट', मग स्वल्पविराम, मग '-पोस्ट-जार' असं लिहिल्यावर सगळं जागेवर आलं. (एका टार्गेटच्या आतून दुसरं चालवणाऱ्या अँटकॉलनेही झालं असतं, पण त्यात सेट झालेल्या प्रॉपर्टी परत येत नाहीत, म्हणून तो मला आवडत नाही.)

दुसरा रविवार ग्रेडलचा, म्हणजे अँटपेक्षा नव्या बिल्ड-साधनाचा. त्यातल्या इंपोर्टबिल्डने अँटची टार्गेटं ग्रेडलची टास्क होतात, पण जावा प्लगिनची 'क्लीन' आणि 'जार' आधीच हजर, त्यामुळे नावावरून भांडण. इंपोर्टबिल्डला नावं बदलणारं एक क्लोजर (कोडचा छोटा तुकडा) देता येतं. त्यात प्रत्येक नावाआधी 'जुनं' जोडलं आणि सुरुवातीचा डॅशही काढून टाकला. इथे काढलेला चालतो, कारण बदल फक्त ग्रेडलच्या बाजूच्या नावात होतो. अँटच्या फाइलला हात लागत नाही.

राहिला माझा 'शब्द-तपास' हा मॅक्रोडेफ, म्हणजे अँटमध्ये मी स्वतः बनवलेली आज्ञा. 'अँट डॉट शब्द-तपास' लिहिलं की ग्रूव्हीला (ग्रेडलची स्क्रिप्ट या भाषेत असते) ती वजाबाकी वाटते आणि 'शब्द' नावाची प्रॉपर्टी नाही म्हणून ती ओरडते. डॉटनंतरचं अख्खं नाव एकेरी अवतरणात घातलं, पुढे कंस दिले, झालं. 'आर्टिफॅक्ट:पॉम'सारख्या कोलनवाल्या नावांनाही हाच उपाय.

काल रात्रीच्या बिल्डमध्ये फॉन्ट आला. शब्दयादीत 'ऱ्या' अजून तुटतो, पण ते एन्कोडिंगचं प्रकरण दिसतंय.