नाक कोरडं होतं

जुलैत मोठ्याला १०४ ताप आला, तेव्हा मी अख्खी रात्र थर्मामीटर हातात घेऊन बसले होते. डोळे लाल, नाक गळतंय, दोन दिवसांत शेंबूड हिरवा. हिरवा म्हणजे जंतू, अँटिबायोटिक हवंच, हे शेजारच्या काकूंपासून माझ्यापर्यंत सगळ्यांचं ठाम मत. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही सगळेच शिंकताय, व्हायरल आहे हे. शेंबडाच्या रंगावर जाऊ नका. ताप उतरला की खेळतो ना?" खेळत होता. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल आणि नाकात सलाइनचे थेंब, एवढ्यावर चौथ्या दिवशी ताप गेला.

त्यामुळे गणपतीच्या आधी धाकटीला १०२ आला तेव्हा मी फारच शहाणी झाले होते. अकरा महिन्यांची पोर. व्हायरलच, म्हटलं. पण ही ताप उतरला तरी मलूल, मांडीवरून उतरेना, दूध अर्धं टाकायची. फ्रिजच्या दारात मोठ्याच्या जुन्या कानदुखीतलं उरलेलं अँटिबायोटिक होतं. खरं सांगते, तिसऱ्या दिवशी पहाटे ती बाटली मी हातात घेतली होती.

डॉक्टरांनी कान, घसा, छाती पाहिली. काही सापडेना. सर्दी? नाही. घरात कोणाला? नाही. नाक अगदी कोरडं.

"मग लघवी तपासू. एवढ्या लहान मुलींना लघवीत इन्फेक्शन असलं तर कधी कधी नुसता तापच दिसतो. अँटिबायोटिक दिलं नाहीत ना? एका डोसनेही कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी, बिघडू शकतं."

नाही, म्हटलं. बाटलीचा विषय काढला नाही.

रक्तात पांढऱ्या पेशी १९,०००, सीआरपी, म्हणजे इन्फेक्शनमध्ये रक्तात वाढणारं प्रथिन, ६८. म्हणजे बॅक्टेरियाच ना, मी विचारलं. "शक्यता जास्त. पण अडेनोव्हायरसमध्येही हे आकडे असेच चढतात. लघवी आणा."

आणा म्हणणं सोपं. चिकटवायची पिशवी नको, त्यात कातडीवरचे जंतू येतात. मग बाथरूममध्ये सासूबाईंनी तिला काखेत धरून अधांतरी उचललेलं आणि खाली मी निर्जंतुक डबी घेऊन उकिडवी. नळ सोडून झाला, शूऽऽ शूऽऽ करून झालं. पहिल्या खेपेला सगळं माझ्या बाहीवर. तासाभराने पुन्हा. नर्सने सांगितलं होतं तसा गार पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा ओटीपोटावर गोल गोल फिरवत राहिले, आणि एकदाची डबीत धार पडली. सासूबाईंनी "आली गं बाई!" म्हणून अशी हाक दिली की मोठा धावत आला.

लघवीत पस सेल्स, म्हणजे पूच्या पेशी, ३०-४०. नमुना कल्चरला गेला आणि औषध त्याच संध्याकाळी सुरू झालं. दोन दिवसांनी ई. कोलाय या बॅक्टेरियाचा रिपोर्ट आला तोवर ताप उतरला होता, ती रांगत होती.

पुढे मूत्रपिंडांची सोनोग्राफी करायला सांगितली. नॉर्मल निघाली. ओटीपोटावर ते गार जेल लागताक्षणी मात्र बाईसाहेबांनी टेबलावरच भरभरून शू केली.