तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिटॅमिन डी आणि आतड्याचा कॅन्सर

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, मोठ्या आतड्यातून काढलेले पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढणाऱ्या छोट्या गाठी, आणि बायॉप्सीचे तुकडे तपासणं हे माझं रोजचं काम, एवढं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. डी कमी असलं की दाह वाढतो, दाहातून कॅन्सर होतो, मग डीची गोळी घेतली की आतड्याचा कॅन्सर टळेल ना? विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचं असतं, आणि बहुतेकदा गोळी सुरूही झालेली असते. आजवरच्या पुराव्यावरून माझं उत्तर 'नाही' असं आहे. पण प्रश्न मुळीच खुळा नाही.

त्याची सुरुवात एका नकाशापासून झाली. अमेरिकेत जिथे ऊन कमी तिथे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने मृत्यू जास्त, असं सेड्रिक आणि फ्रँक गार्लंड या भावांच्या लक्षात आलं. उन्हामुळे तयार होणारं डी आतड्याचं रक्षण करत असावं, असं त्यांनी १९८० साली मांडलं. नुसत्या नकाशावरून फारसं काही सिद्ध होत नाही, पण पुढे रक्ततपासण्यांतही तेच दिसत राहिलं. २०१९ मध्ये १७ दीर्घकालीन अभ्यासांची माहिती एकत्र केली गेली. डी फारच कमी असलेल्यांना, पुरेसं असलेल्यांपेक्षा या कॅन्सरचा धोका सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाला.

डीने असं रक्षण करावं याला शरीरात आधारही आहे. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमध्ये डीचे रिसेप्टर, म्हणजे डीला ओळखून त्याचा संदेश घेणारी प्रथिनं, असतात, आणि डीला सक्रिय रूप देणारं, एरवी मुख्यतः मूत्रपिंडात काम करणारं एन्झाइमही तिथे असतं. सक्रिय डी पेशींच्या बेसुमार विभाजनाला आवर घालतं आणि दाह चेतवणारे संदेश मंद करतं. मला स्वतःला सर्वांत आवडतो तो पित्ताचा धागा. पित्तातल्या आम्लांवर आतड्यातले जिवाणू प्रक्रिया करतात, त्यातून लिथोकोलिक आम्ल तयार होतं, आणि ते अस्तराला घातक असतं. डीचा रिसेप्टर हे आम्लसुद्धा ओळखतो आणि त्याची विल्हेवाट लावणारी एन्झाइमं कामाला लावतो, हे २००२ मध्ये समोर आलं. ज्याचं नाव आपण हाडं आणि कॅल्शियमशी जोडतो, त्याच्याकडे हेही खातं असावं!

दाहाची कडी तर मी स्लाइडवर बघते. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या आजारात अस्तरातल्या ग्रंथींच्या पोकळ्या पांढऱ्या पेशींनी भरलेल्या दिसतात. अस्तर झिजतं, पुन्हा उगवतं, पुन्हा झिजतं. अशी वर्षं गेली की नव्याने उगवणाऱ्या पेशींचा आकार आणि मांडणी बिघडू लागते. म्हणूनच लक्षणं सुरू होऊन ८ वर्षं झाली की अशा रुग्णांची ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करतात. मात्र आतड्याचे बहुतेक कॅन्सर या वाटेने येत नाहीत. ते साध्या पॉलिपमधून, बऱ्याचदा दहाएक वर्षं घेऊन, गुपचूप वाढतात.

मग गोळी देऊन पाहिली तेव्हा काय झालं? २००६ मध्ये ३६,२८२ स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल आला: सुमारे ७ वर्षं कॅल्शियमबरोबर डी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटांत आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण सारखंच. डोस कमी होता, रोज ४०० युनिट, असा आक्षेप आला आणि तो रास्त होता. २०१५ मध्ये, पॉलिप काढलेल्या लोकांना रोज १,००० युनिट देऊनही नवे पॉलिप यायचे थांबले नाहीत. व्हायटल या चाचणीत २५,८७१ जण होते, डोस २,००० युनिट, काळ ५ वर्षांहून थोडा जास्त. तिथेही कॅन्सर कमी झाला नाही. पॉलिपची चाल पाहता ५ वर्षं थोडी आहेत, हे मला मान्य. शिवाय अशा चाचण्या एकत्र मांडल्यावर सगळ्या प्रकारच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी कमी दिसले. तो धागा मी सोडून दिलेला नाही. पण तुमचा प्रश्न कॅन्सर टाळण्याचा आहे.

रक्तात दिसतं ते गोळीत का दिसत नाही? माझ्या मते यातलं बरंचसं उत्तर दाहातच आहे, फक्त उलट्या दिशेने. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच सीआरपी हे दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन वर चढतं आणि रक्तातलं डी खाली येतं; आहार तोच, ऊन तेच. म्हणजे दाहानेही डी उतरतं. लठ्ठपणात डी चरबीत अडकतं, आणि लठ्ठपणाने कॅन्सरचा धोका वेगळा वाढतोच. जो मोकळ्यावर चालतो-फिरतो त्याचं डी चांगलं असतं, आणि चालण्याने आतड्याचं भलं होतं ते निराळंच. अशा वेळी रिपोर्टवरचा आकडा गोळीने वर नेणं म्हणजे थर्मामीटर बर्फात ठेवून ताप उतरवणं.

डी खरोखर कमी असेल तर गोळी जरूर घ्या, हाडांसाठी. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रोज ४,००० युनिटच्या वर जाऊ नका. अतिरेकाने रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडांना ते महागात पडतं. माझी खरी तक्रार वेगळी आहे. "मी डी घेतो" म्हणणारा माणूस शौचातून रक्त गेलं तरी मूळव्याध समजून थांबतो. शौचाची सवय बदलली, विनाकारण वजन उतरलं किंवा लोह कमी होऊन हिमोग्लोबिन घसरलं, तर वय न बघता तपासणी हवी. त्रास नसलेल्यांसाठीही अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये तपासणी सुरू करण्याचं वय ५० वरून ४५ वर आणलं. त्यात शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी साधी चाचणीही चालते. आई-वडील, भावंडं किंवा मुलं यांपैकी कुणाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, तर मात्र थेट कोलोनोस्कोपी, चाळिसाव्या वर्षी किंवा त्या माणसाच्या निदानाच्या वयाआधी १० वर्षं, यांतलं जे आधी येईल तेव्हा. भावाचं निदान पंचेचाळिसाव्या वर्षी झालं असेल तर बहिणीची पस्तिसाव्या वर्षी.