शिट्टी वाजायच्या आत : आमची वाटचाल

धुरात शिरणाऱ्या अग्निशामकांचे हवेचे सिलिंडर भरायचे, सेट तपासायचे आणि सराव घ्यायचा, हे आमचं काम. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत आमचे दोन गाळे आहेत. एकात ब्रीदिंग एअर कॉम्प्रेसर आणि बीए सेटचा, म्हणजे धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर लावायच्या सिलिंडर-मुखवट्याचा, टेस्ट बेंच, दुसऱ्यात सरावाचं सामान. मागच्या बाजूला धुराचा कंटेनर. 1999 साली सुरुवात केली तेव्हा सोबत काका होते, कोळसा खाणीच्या रेस्क्यू स्टेशनातून निवृत्त झालेले. खाणीतले सेट ऑक्सिजनचे, आपले दाबून भरलेल्या साध्या हवेचे. पण शिस्त त्यांनी तिथलीच आणली. सेट बेंचवर आला की व्हॉल्व्ह उघडायचा, गेज वाचायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा आणि मिनिटभर काट्यावरून नजर हलवायची नाही. काटा दहा बारपेक्षा (बार म्हणजे दाबाचं माप) जास्त उतरला की सेट बाजूला. नाही उतरला तर हवा सावकाश सोडायची आणि हवा संपत आल्याचा इशारा देणारी शिट्टी 55 बारच्या आसपास वाजते का ते ऐकायचं. शिट्टी ऐकताना काका डोळे मिटून घेत. साबणाच्या पाण्यासाठी ते दाढीचा ब्रश वापरायचे. तो ब्रश अजून बेंचवर आहे, केस निम्मे झडलेत, पण बदलू देत नाही मी कुणाला.

सहा लिटरचा सिलिंडर 300 बारला भरला की 1800 लिटर हवा होते. मिनिटाला 40 लिटर धरले तर कागदावर 45 मिनिटं. नवा पोरगा पहिल्यांदा धुरात शिरतो तेव्हा तीच हवा पंचवीस-तीस मिनिटांत संपवतो. म्हणून आमच्या सरावात दारावर टॅली बोर्ड, म्हणजे कोण कधी आत गेला आणि त्याची हवा किती हे मांडायचा फळा, आणि त्या बोर्डावर एक माणूस असतो. त्या माणसाला दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही, पाणी आणायलाही पाठवायचं नाही.

आता 2012 बद्दल. हे लिहायचं नाही असं घरचे म्हणतात, पण लिहितो.

एका मोठ्या कारखान्याचं तीन वर्षांचं प्रशिक्षणाचं काम जवळजवळ ठरलं होतं. त्याच्या भरवशावर कॉम्प्रेसरचं कर्ज काढलं. 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिनाचं प्रात्यक्षिक होतं. व्यवस्थापनाला मोठा जाळ हवा होता, म्हणजे लाकडावर डिझेल. आणि आत डमीऐवजी जिवंत माणूस हवा होता, फोटो चांगला येतो म्हणून. कंत्राटी कामगारांतला एक विशीचा पोरगा त्यांनी त्यासाठी उभाही केला होता.

मी नाही म्हणालो. 2001 साली न्यूयॉर्क राज्यात लेअर्ड्सव्हिलला नेमकं असंच झालं होतं. जखमी माणसाच्या भूमिकेत आत ठेवलेला नवशिका अग्निशामक सरावातच गेला आणि प्रशिक्षण देणाऱ्यावर गुन्हा सिद्ध झाला. सरावाच्या आगीसाठी अमेरिकेत तेव्हा एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचं 1403 क्रमांकाचं मानक होतं. आत जिवंत माणूस ठेवायचा नाही, ज्वालाग्राही द्रव टाकायचा नाही, आग विझवणाऱ्या होजला (पाण्याच्या नळीला) आणि राखीव होजला पाणी वेगवेगळ्या ठिकाणाहून घ्यायचं. तेही 1982 साली कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डरला सरावात दोन अग्निशामक मेल्यानंतर आलं. मी हे सगळं त्या साहेबांना सांगितलं. हेही सांगितलं की 1944 च्या 14 एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाच्या स्फोटात 66 अग्निशामक गेले, त्यांच्यासाठी हा दिवस आहे. त्याच दिवशी एका पोराला धुरात कोंडायचं?

काम दुसऱ्याला गेलं. नाव घेत नाही. त्याने डिझेलही ओतलं आणि पोरगाही आत ठेवला. पोरगा बाहेर आला तेव्हा एक कान भाजलेला होता आणि खोकला थांबत नव्हता. फोटो छापून आला. वर त्याच गृहस्थाने बाजारात आम्हाला ‘भित्र्यांचं दुकान’ म्हणून फिरवलं. हा गृहस्थ श्वासाचे सिलिंडर टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरसारख्या यंत्रावर भरायचा. तेल तापलं की कार्बन मोनॉक्साइड हवेत उतरतो, त्याला वास नसतो. दर आमच्यापेक्षा निम्मा. टेंडरमध्ये एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा कोण, एवढंच बघतात.

दिवाळीपर्यंत बायकोच्या पाटल्या गहाण होत्या. काका पगार घेत नव्हते. त्या सात महिन्यांत आमचं शटर उघडं राहिलं ते एका छोट्या नगरपालिकेच्या स्टेशन ऑफिसरांमुळे. दर महिन्याला चार सिलिंडर एसटीने घेऊन यायचे, कधी स्वतः, कधी एखादा फायरमन. बिल उशिरा, पण पै न पै. आल्यावर चहाआधी आमचं फिल्टरचं रजिस्टर मागायचे, हवा गाळणारं काडतूस किती तासांवर बदललं ते वाचायचे. त्या साली त्यांनी शेजारच्या दोन नगरपालिकांनाही आमच्याकडे आणलं. आमचा साठ किलोचा डमी तेव्हाचाच. जुन्या होजचं कापड, आत वाळू, शिवण बायकोची. पोरं त्याला ‘पाहुणा’ म्हणतात. चार वेळा जळालाय, चार वेळा शिवलाय.

सराव घेणाऱ्यांना एक सांगतो. धूर आणि आग यांची भीती सगळ्यांना असते, उन्हाची कुणाला नसते. विदर्भात मे महिन्यात 45 अंशांत पूर्ण सूट चढवून पोरांना दोन सिलिंडर लागोपाठ लावायला देऊ नका. एक सिलिंडर संपला की कोट उतरवा, सावलीत बसवा, दोन्ही हात कोपरापर्यंत गार पाण्याच्या बादलीत बुडवायला लावा. अंग लवकर निवतं. चाळिशीपुढच्यांचा रक्तदाब आत जायच्या आधी बघा. अमेरिकेत ड्यूटीवरच्या अग्निशामकांच्या मृत्यूंत हृदयविकार आगीच्या पुढे आहे. बादलीला किती पैसे लागतात?

काका 2017 साली गेले. स्टेशन ऑफिसर साहेब गेल्या वर्षी निवृत्त झाले. शेवटच्या महिन्यात सिलिंडर घेऊन आले ते नव्या साहेबांना सोबत घेऊनच. नव्या साहेबांनी पहिलाच प्रश्न केला, “भरायचा दर काय?”

मी तोंड उघडायच्या आत जुन्या साहेबांनी त्यांच्या हातात रजिस्टर ठेवलं. “आधी हे वाचा,” म्हणाले.