चावी दिली, पण नाव?

जुनी गाडी विकायची म्हणलं की सगळे किंमतीच्याच मागे लागतात, मीपण लागलो होतो. मागच्या वेळी घेणारा माणूस चांगला भेटला, पैसे आले, चावी दिली, विषय संपला असं वाटलं आणि तीन महिन्यांनी ओव्हरस्पीडिंगचा दंड माझ्या नावावर! कागदावर मालक मीच ना अजून. माणूस वाईट नव्हता हो, नुसता आळशी, ट्रान्सफर "करतो करतो" म्हणत राहिला.

म्हणून यावेळी ट्रान्सफरच्या कागदांवर समोरासमोर सह्या आणि ते जमा करायला मी स्वतः सोबत. शिवाय एका साध्या कागदावर गाडी ताब्यात दिल्याची तारीख, वेळ, ओडोमीटरचं रीडिंग, दोघांच्या सह्या. वेळ कशाला असं घेणाऱ्याने विचारलं, म्हणलं ४ ला गाडी दिली आणि ६ ला तुम्ही कुठे ठोकली तर? हसला, पण सही केली. नाव बदललेलं डोळ्यांनी बघेपर्यंत इन्शुरन्सला हात लावला नाही.

टेस्ट ड्राइव्ह दिवसाउजेडी, वर्दळीच्या ठिकाणी, घरी कुणाला बोलावलं नाही. आधी लायसन्स बघायचं, आपण शेजारी बसायचं, आणि सीट बदलताना इंजिन बंद करून चावी खिशात, कारण आपण उतरून पलीकडच्या दाराशी पोचेपर्यंत गाडी पळवणारे असतात.

पैशांचा किस्सा तर भारीच. त्याच्या आधी एक जण आलेला, त्याने "पेमेंट झालं" म्हणून स्क्रीनशॉट दाखवला. मी माझं बँकेचं ॲप उघडलं तर काहीच नाही. म्हणे सर्व्हर डाऊन असेल, तुम्ही चावी द्या. म्हणलं काही घाई नाही, बसू की इथंच. दहा मिनिटांत त्याला घरून अर्जंट फोन आला, तो गेला तो गेलाच. "चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा" वाले पण असतात, मूळ रक्कमच खोटी असते आणि आपण परत केलेले मात्र खरे.

ब्लूटूथमधले कॉन्टॅक्ट, नेव्हिगेशनमधला घरचा पत्ता, सगळं आठवणीने पुसलं. तरी रात्री फोनवर गाडीच्या ॲपचं नोटिफिकेशन आलं, तुमची गाडी अनलॉक आहे! घेणाऱ्याला फोन करून म्हणलं, दादा, गाडी लॉक करा, आणि मग त्या ॲपमधून ती काढून टाकली.