आमची वाटचाल : ‘पाणी इथवर होतं’

सांगलीत जुलै लागला की कुणी कुणाला ‘कसं काय’ विचारत नाही. ‘आयर्विनला किती?’ एवढंच. कृष्णेवरचा हा पूल १९२९ चा. तिथे पाणी ४० फुटांना गेलं की इशारा, ४५ ला धोका, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ. आमच्या धंद्याची गोष्ट सांगताना हे आकडे आधी येतात, कारण धंदा बुडाला तो त्यांच्यामुळे आणि परत उभा राहिला तोही त्यांच्यावरच.

मूळ काम वडिलांचं, लाइट डेकोरेशन. मी त्याला गणपतीच्या हलत्या देखाव्यांची जोड दिली. भंगारातून ट्रकच्या वायपरच्या मोटारी आणायच्या, त्यावर लंबगोल चकती बसवायची, की मावळ्याचा हात वर-खाली. दिवे क्रमाने लावायला लाकडी रुळावर पितळेच्या पट्ट्या ठोकायच्या. रूळ फिरला की पट्टी टेकते आणि दिवा लागतो. चार महिने काम, आठ महिने वसुली. शिल्लक फार नसायची, पण वर्कशॉप स्वतःचं होतं, मारुती चौकाजवळ.

२००५ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, ती रेघ वडिलांनी आत भिंतीवर ऑइलपेंटने मारून ठेवली होती. तिच्या वर दोन फूट सोडून आम्ही माळा केला. मोटारी, ट्रान्सफॉर्मर, तयार मूर्ती, सगळा माल माळ्यावर. आता काळजी नाही, असं मीच सगळ्यांना सांगायचो. ऑगस्ट २०१९ ला आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेलं आणि माळाही पाण्याखाली गेला. गणपती तीन आठवड्यांवर, सात देखावे तयार. पाणी उतरल्यावर शटर उचललं तर गाळातून एका मावळ्याचा फक्त हात वर आलेला. मोटारी धुऊन उन्हात वाळवल्या. निम्म्या फिरल्या, पण आवाज करत. आमच्या मंडळांनी त्या वर्षी देखावे रद्द केले. बरोबरच होतं ते. पण मंडळांना घेतलेल्या उचली परत करायला सौ.च्या पाटल्या मोडाव्या लागल्या.

जागा विकून कुपवाडला शेड घेतली, उंचावर. त्यानंतर कोरोनाची दोन वर्षं. त्या रिकाम्या काळात भाच्याने मला आर्डुइनो शिकवलं, म्हणजे प्रोग्राम लिहून मोटारी-दिवे चालवायचा छोटा सर्किट बोर्ड. त्याचा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा. मी म्हटलं, हा तर आपला रूळच की, फक्त पितळेच्या पट्ट्या लिहून काढायच्या. तो म्हणाला, “मामा, रुळाला समोर माणूस आलाय हे कळत नाही. ह्याला कळतं.”

त्यानेच मोबाइलवर राफाएल लोझानो-हेमर या कलाकाराचं ‘पल्स रूम’ दाखवलं, २००६ चं काम. खोलीभर बल्ब टांगलेले. तुम्ही हातात दांड्या धरल्या की एक बल्ब तुमच्या काळजाच्या ठोक्यावर लुकलुकायला लागतो. हात सोडला की तुमचे ठोके रांगेतल्या पुढच्या बल्बवर सरकतात आणि आधीच्या माणसांचे त्याच्याही पुढे. देखावा बघून लोक निघून जातात, एवढंच मला तीस वर्षं माहीत होतं. आलेला माणूस मागे काहीतरी ठेवून जातो, हे डोक्यात बसलं.

२०२२ ला निर्बंध उठले आणि एका मंडळाने पुराचा देखावा मागितला. मी सवयीने निळं कापड, होडी, पाण्याचा घोंघाट असं सगळं उभं केलं. चाचणीला सौ. आली. आवाज सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात म्हणाली, “बंद करा ते.” २०१९ ला ती आणि माझी आई दोन रात्री शेजारच्यांच्या गच्चीवर होत्या. ज्यांनी पूर काढलाय त्यांना पूर दाखवायचा कशाला? मला हे तिच्याआधी सुचायला हवं होतं.

मग लक्षात आलं की सांगलीचा माणूस पुराबद्दल बोलतो तेव्हा फूट-इंच सांगत नाही. भिंतीला आडवा तळहात लावतो. “पाणी इथवर होतं.” छातीशी, गळ्याशी, चौकटीच्या वर. बस, तेवढंच घ्यायचं ठरवलं.

मांजरपाटाचा बारा फुटी पडदा ताणला, मागून प्रोजेक्टर. तुम्ही जिथे तळहात लावाल त्या उंचीवर पाण्याच्या रंगाची रेघ उमटते आणि पुसली जात नाही. उंची मोजायला आधी वरून अल्ट्रासोनिक सेन्सर लावला, कानाला न ऐकू येणारा आवाज सोडून अंतर मोजणारा. त्याचा आवाज खाली येता येता पसरतो, त्यामुळे हात सोडून डोकीच मोजायला लागला. टोपीवाला आला की पाणी दोन इंच वाढायचं. मग दोन हजारांच्या घरातला लेसरचा सेन्सर आणला, त्याचा झोत काडीसारखा बारीक. तरी पहिल्या संध्याकाळी पंख्याच्या वाऱ्याने पडदा फुगून झोतात गेला आणि हात न लावताच रेघांचा पाऊस. मंडळाचे अध्यक्ष खूश, त्यांना वाटलं असंच असतंय. रात्रीत कापडाच्या कडा पट्टीत आवळल्या.

तिसऱ्या दिवशी गावभागातल्या एक आजी आल्या. टाचा उंच करून हात लावला, रेघ उमटली, पण त्या हलेनात. “इथं न्हवतं रं. लई वर होतं. हात पुरंना.” आम्ही सगळं मोजलं होतं, पण पाणी माणसाच्या हाताच्या वर असू शकतं हे डिझाइनमध्येच नव्हतं. भाच्याने मांडवाच्या मागचा वेळू आणून दिला. आजींनी तो दोन्ही हातांनी धरला, हळूहळू वर सरकवला, दहा फुटांच्या आसपास थांबल्या. “आता बराबर.” त्यानंतर वेळू कायमचा तिथेच ठेवला. पोरं बापाच्या खांद्यावर बसून रेघा मारायची. दहा दिवसांनी पडदा खालपासून वरपर्यंत भरला होता. फाइल अजून आमच्याकडे आहे.

तिथून कामं येत गेली, सगळीच चांगली नाहीत. एका सरकारी कामाचं बिल दीड वर्ष अडकलं आणि शेवटी कापून मिळालं. एकांना किल्लारीच्या भूकंपावर ‘थरारक अनुभव’ हवा होता, हलणारी जमीन, काळोख, किंकाळ्या. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ ला धरणी हलली, तेव्हा तिथली माणसं आदल्या रात्री गणपती बोळवून झोपली होती. आमचा सगळा धंदा गणपतीवर चालतो. त्या रात्रीचा खेळ करायला हात धजला नाही. नको म्हटलं.

त्याऐवजी त्याच भागातल्या एका शाळेसाठी एक टेबल केलं. मुलांनी लाकडी ठोकळ्यांची भिंत रचायची, वर मातीच्या माळवदाचं वजन ठेवायचं, मग हँडल फिरवून टेबल हलवायचं. खाली तीच वायपरची मोटार. तिकडच्या जुन्या घरांच्या भिंती जाडजूड, पण आतल्या आणि बाहेरच्या दगडांना एकमेकांचा धर नव्हता. त्या फुगून फुटल्या आणि डोक्यावरचं माळवद खाली आलं. टेबलावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब ठोकळे घातले की तीच भिंत उभी राहते. मुलं पहिल्यांदा पाडतात, हसतात. दुसऱ्यांदा रचताना गप्प होतात.

आता आम्ही पाचजण आहोत. गणपतीचे देखावे सोडलेले नाहीत, पोट त्यावरच आहे.

गेल्या महिन्यात चिपळूणहून फोन आला, तसाच पडदा हवाय म्हणून. तिथे २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली होती. मी विचारलं, वेळू किती लांब लागेल?

पलीकडून प्रश्न आला, “पडदा पहिल्या मजल्यापासून सुरू करता येईल का?”